भोपळ्यातली चीर

परवा पुन्हा एकजण आला. या वेळचा दिल्लीहून. मराठी बोलत होता, पण छापील. पायरीवर बूट काढले, तेवढं बरं केलं. आत आला, भिंतीवरची तंबोरी बघितली आणि देवळात आल्यासारखा उभाच राहिला.

"हीच ना ती?" म्हणाला.

"हीच. तुम्ही कोण?"

तर युद्धाचं नवं संग्रहालय निघतंय म्हणे. त्यात गुप्त शस्त्रांचं वेगळं दालन. दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत ही तंबोरी आणि खाली पाटी: 'लहरीशस्त्राचा पहिला पुरावा'. पाटीचा नमुनासुद्धा करून आणला होता पठ्ठ्यानं.

माझं टाळकंच फिरलं. "अहो, पुरावा नाहीये तो. अहवाल मागे घेतलाय, नऊ वर्षं झाली."

"तो दडपला असं लोक म्हणतात, काका."

"लोक म्हणतात! दडपणारा तुमच्यासमोर बसलाय की. मीच तो."

तो हसला. चेष्टा वाटली त्याला. मग मी त्याला बसवलं, आत चहा सांगितला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच फार बरं वाटलं, कारण शाम्याविषयी बोलायला हल्ली कुणी उरलेलं नाही. तेच आता लिहून ठेवतोय. म्हणजे पुढचा कुणी आला की त्याच्या हातात कागद द्यायचा आणि आपण आपलं काम करायचं.

मी दस्तगीर कागवाडे. मिरजेत तंबोरे करतो. अब्बा करायचे, त्यांचे अब्बा करायचे. शाम्या म्हणजे शामगोंडा मगदूम, पुढं सुभेदार झाला तो. गाव त्याचं जवळच, पण शाळेसाठी आमच्या गल्लीत मामाकडे राहायचा. मामाची पिठाची गिरणी आमच्या भिंतीला भिंत लावून. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की हा पोत्यावर बसून तिच्या घरघरीत सूर धरायचा आणि गायचा. जोंधळा दळताना एक सूर, गहू दळताना दुसरा. आम्हाला सगळं सारखंच ऐकू यायचं. त्याला नाही. "आज पट्टा ढिला आहे मामा, सूर उतरलाय," असं सांगायचा आणि मामा बघायला गेला की पट्टा खरंच ढिला निघायचा. अब्बा म्हणायचे, "याचा कान माझ्या पोटी यायचा, वाट चुकून गिरणीवाल्याकडे गेला." मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता हसू येतं.

दोन हजार सालची गोष्ट. आम्ही दोघं दहा वर्षांचे. आमच्या माळ्यावर भोपळे वाळत टांगलेले असायचे. त्यात एक होता, माझ्या जन्माच्या साली अब्बांनी मंगळवेढ्याकडून आणलेला. मोठा नव्हता, पण पातळ, घट्ट आणि इतका वाळलेला, की बोटाच्या पेरानं टिचकी मारली तर बराच वेळ बोलत राहायचा. अब्बा त्याला हात लावू द्यायचे नाहीत. आमचा पतंग कौलाच्या फटीत अडकला म्हणून आम्ही माळ्यावर चढलो. शाम्याचा पाय दोरीत गुंतला आणि तोच भोपळा खाली आला. फुटला नाही. उचलून बघितला तर केसासारखी चीर, चार बोटं लांब.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. चीर गेलेला भोपळा घरात ठेवायचा नाही. उंबऱ्याबाहेर न्यायचा आणि चारचौघांसमोर फोडायचा. कधी काळी तो लपूनछपून वाद्यात जाऊ नये म्हणून. चिरका भोपळा वापरला असं एखाद्या घराबद्दल नुसतं बोललं गेलं, तरी त्या घराचं नाव गेलंच म्हणायचं. अब्बांनी चीर बघितली, आम्हा दोघांकडे बघितलं आणि काही न बोलता भोपळा घेऊन मागच्या दारानं गेले. परत आले ते रिकाम्या हातानं. "फोडला," म्हणाले.

शाम्या दोन दिवस जेवला नाही. गिरणीवर गायचाही थांबला. शेवटी अब्बांनीच त्याला बोलावून मांडीवर घेतला. "रडतोस कशाला येड्या? भोपळे दरसाल येतात."

फोडला नव्हता त्यांनी. दोन हजार एकवीस साली अब्बा गेले, तेव्हा त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. जुन्या गोधडीत गुंडाळलेला भोपळा निघाला. इतका कडक माणूस, गल्लीच्या रितीचा इतका पक्का, पण त्यांच्यानंही तो फोडवला नव्हता. मी तिथंच ट्रंकेपाशी बसून रडलो. बायकोला, जैतूनला, सगळं सांगितलं आणि पुन्हा गोधडीत गुंडाळून ठेवला.

शाम्या तोवर फौजेत गेलेला होता. छत्तीस साली बढती मिळून सुट्टीवर आला. आता बर्फातल्या चौक्यांवर जायचं होतं.

"दस्तू, मला एक तंबोरी कर मर्दा. पाठीवर नेता येईल अशी. वर माणूस बोलून बोलून काय बोलणार? सूर तरी सोबतीला पाहिजे."

भोपळे माझ्याकडे वीस होते. माझा हात ट्रंकेकडेच गेला. ज्यानं पाडला त्याच्याच मांडीवर तो वाजावा असं वाटलं. आता हसा पाहिजे तर. गॅसवर लोखंडी सळई तापवली, लाख वितळवली आणि भोपळ्याच्या आतून चिरेवर तळहाताएवढं ठिगळ बसवलं. तापलेली सळई वरून फिरवून फिरवून लाख मुरवली. जैतून बॅटरी धरून उभी होती. मग वर लाकडी तबली चिकटवून तोंड बंद केलं, बाहेरून दोन हात पॉलिश जास्त दिलं. चीर दिसेनाशी झाली. चार तारा चढवल्या, सूर गुंजावा म्हणून घोडीवर तारांखाली जवारीचं सूत सरकवलं आणि खर्ज छेडला. असा सूर माझ्या हातून त्याआधी निघाला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

शाम्याला भोपळ्याचं सांगितलं नाही. एक तर गल्लीची रीत मोडलेली, लाज वाटली. आणि मनात आलं, निवृत्त होऊन आला की सांगू, दोघं मिळून हसू.

चाळीस सालच्या जानेवारीत, भर दुपारी, त्याच्या चौकीवर ते झालं. त्याच्या हाताखाली चौदा माणसं होती. ऊन पडलेलं, वारा नाही. एकदम सगळ्यांच्या डोक्यात घुमायला लागलं. शाम्यानं मला सांगितलं ते असं: "कानात नाही रे. डोक्याच्या मध्यात. कान दाबून धरले तरी तसंच. खर्जासारखं, पण थांबतच नाही. मग उलट्या सुरू झाल्या. पोरं डोकं बर्फात खुपसायला लागली. दहा मिनिटं बघितलं आणि मी म्हटलं, उतरा खाली." चारशे फूट उतरल्यावर आवाज बंद झाला. दोन तासांनी ते परत वर गेले. चौकी जशीच्या तशी. सीमेपलीकडचं कुणी आलं नव्हतं, गोळी सुटली नव्हती, कुणाला खरचटलंही नव्हतं. तेच वाईट झालं. एखादी गोळी लागली असती तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं.

चौकशी बसली. यंत्रांत काही नोंद नाही, डॉक्टरांना काही सापडलं नाही. मनाच्या डॉक्टरांनी लिहिलं, की एकटेपणानं एकाला भास झाला आणि तो बाकीच्यांना लागला. शाम्याबद्दल तर असं, की घरची आठवण येऊन याच्या डोक्यात त्याचीच तंबोरी वाजली. हुकमाशिवाय चौकी सोडली असा शेरा मारून त्याला घरी पाठवलं. तीस वर्षांची नोकरी आणि शेवटी हा शेरा.

तो गावाकडच्या मळ्यात राहायला आला. तंबोरी आणून माझ्या दुकानात ठेवली. "नको वाटतं बघायला," म्हणाला. तो सूर आता त्याला सोसत नव्हता. गिरणीसमोरून जातानाही रस्ता बदलायचा. आणि लोक! चहाच्या टपरीवर हा आला की कुणीतरी मागून तोंड मिटून "हूंऽऽ" करायचं. मग सगळी टपरी खिदळायची. मी एकदा एकाची गचांडी धरली. शाम्यानंच माझा हात सोडवला. "राहू दे दस्तू. माझी चौदा पोरं आपापल्या गावात हेच ऐकत असतील. कुणाकुणाला धरणार आहेस?" त्याला स्वतःपेक्षा त्यांचं जास्त होतं. आपल्या शब्दावर ती पोरं उतरली आणि आपल्यापायी त्यांच्या नावाला डाग लागला, हे त्याला आतून खात होतं.

मग डॉक्टर शर्वाणी कोठावळे आल्या. पुण्याहून. पस्तिशीची बाई, बोलायला मोकळी. त्यांच्याकडे नवं यंत्र होतं, तापवाचक. तेव्हा त्याचं नावीन्य होतं, आता तर घरोघरी त्याचे तंटे आहेत. सुनेनं कुकर करपवला की सासूनं, तेसुद्धा कुकरच्या रबरावरून कळतं म्हणतात.

त्यांनी मला नीट समजावलं. लाख म्हणजे किड्यानं केलेली राळ. ताजी असेल तर स्पिरिटात विरघळते. ती तापली की तिच्या आतले बारीक धागे एकमेकांना गाठी मारतात. जितकी जास्त तापेल तितक्या गाठी जास्त, आणि एकदा बसलेली गाठ सुटत नाही. तापवाचक वस्तूवर किरण सोडतो आणि थरानं थर या गाठी मोजतो. वस्तू कापायची गरज नाही. आयुष्यात ती वस्तू कुठल्या बाजूनं आणि किती तापली ते सगळं कळतं. "फक्त कधी तापली ते नाही कळत," असं त्या दोनदा म्हणाल्या. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

"आणि तो आवाज?" मी विचारलं.

"रेडिओच्या लहरींचे अगदी बारीक झटके डोक्यावर पडले, तर आतला भाग किंचित तापतो. किंचित म्हणजे थर्मामीटरलाही कळणार नाही एवढा. तापला की फुगतो आणि ते फुगणं आतल्या कानाला आवाज म्हणून ऐकू येतं. म्हणूनच कान झाकून उपयोग नाही. हे प्रयोगशाळेत फार जुनं आहे, काका. पण डोंगरापलीकडून चौदा माणसं पळवून लावील एवढं यंत्र कुणी केलंय का, हे कुणालाच माहीत नाही. दावे पुष्कळ आहेत. हातात काही नाही."

त्या दिवशी चौकीवर असलेल्या सगळ्या वस्तू त्या तपासत फिरत होत्या. तंबोरीवर किरण सोडला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"भोपळ्याला आतून लाख आहे का?"

आता खरं सांगायचं. सांगायचं होतं तेव्हाच. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली, समोरच्या दुकानातला माझा चुलतभाऊ दारात येऊन उभा. चिरका भोपळा वापरला असं त्यांच्यासमोर म्हणू? जीभ आपोआप फिरली. "आम्ही आतून लाखेचा हात देतो. कीड लागू नये म्हणून."

"सगळीकडे?"

"जिथं नरम वाटेल तिथं. पातळ करून लावतो. थंडच." त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. चुलतभावानं माझ्याकडे बघितलं. आमच्यात असा काही हात देत नाहीत हे त्याला माहीत होतं. पण घरची गोष्ट म्हणून तो गप्प बसला.

महिन्याभरात बाईंचा अहवाल फुटला. बाहेरचं पॉलिश थंड, आतली लाख मात्र करपेपर्यंत तापलेली, आणि तीही आतल्या बाजूनं. शेकोटी असती तर आधी बाहेरचं तापलं असतं. बाहेरच्याला न शिवता आतलं तापवणारी चीज एकच, लहरी. डॉक्टरबाईंनी 'शक्यता आहे' असं लिहिलं होतं. टीव्हीवाल्यांनी शक्यता गाळली. दिवसभर माझी तंबोरी पडद्यावर गोल गोल फिरत होती.

गावानं शाम्याची मिरवणूक काढली. ज्यांनी हूं केलं होतं तेच पुढं ढोल वाजवत होते. चौदाच्या चौदा पोरं आली होती. एक पोरगा शाम्याच्या पायावर पडून ढसाढसा रडला, म्हणाला, "साहेब, बाप माझ्याशी बोलायला लागला." शाम्यानं मला गर्दीतून ओढून काढलं आणि स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. "माझं नाव याच्या भोपळ्यानं राखलं!" असं माईकवर ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तर जैतून भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सळई मी बघितली होती."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? त्याचं नाव परत मिळालं. चौदा घरं हसली. मी आता तोंड उघडू?"

"तो टीव्ही लावून बघा जरा." लावला. त्यावर सगळे ओरडत होते, की आता आपणही तसलंच यंत्र काढायचं, त्यांच्याही डोक्यात घुमवायचं. कुठली तरी मोठी परिषद होती, तिथं पुरावा म्हणून माझी तंबोरी मांडणार होते. जैतूननं तवा उतरवला. "तुमच्या अब्बांनी भोपळा लपवला, पण कुणाला विकला नाही. तुम्ही लपवला आणि आता त्याच्यावर लढाई निघतीय. आधी त्याला सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर तो तुम्हाला कधी माफ करायचा नाही."

सकाळी मळ्यात गेलो. हळद काढून झाली होती. शाम्या कायलीत हळद शिजवत होता, वाफेनं नुसता घामाघूम. मला बघून हसला. किती वर्षांनी त्याला तसं हसताना बघत होतो.

"ये रे, हारवाल्या. चहा घेणार?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चीर, ठिगळ, सळई, खोटी सही. एकदा थांबलो असतो तर पुन्हा बोलणं जमलं नसतं. "ती लाख मी तापवलीय, शाम्या. लहरींनी नाही. तो पुरावा खोटा आहे. मी तुझं वाटोळं केलं."

त्याच्या हातातला झारा तसाच राहिला. मग म्हणाला, "चीर कसली? तू तर भोपळा पारखून घेतोस."

"तो आपला भोपळा होता. माळ्यावरचा. पतंगाच्या वेळचा."

"तो अब्बांनी फोडला."

"नाही फोडला. ट्रंकेत ठेवला होता. गोधडीत गुंडाळून."

शाम्यानं झारा टाकला आणि तिथंच बांधावर खाली बसला. "मी पाडलेला?" म्हणाला. "तो... तो अब्बांनी ठेवला? आणि तू मला त्याची तंबोरी करून दिलीस? चार वर्षं माझ्या मांडीवर तो होता?" आणि रडायलाच लागला गडी. पन्नाशीचा सुभेदार, मिशा पांढऱ्या झालेल्या, दहा वर्षांच्या पोरासारखा नाक ओढत रडत होता. "दोन दिवस जेवलो नव्हतो रे मी. मला वाटायचं, अब्बा माझं तोंड बघणार नाहीत."

मी त्याच्याशेजारी बसलो. हळद करपायला लागली, तेव्हा कुठं आम्ही उठलो.

"म्हणजे भोपळ्यानं काही ऐकलं नव्हतं," तो झारा फिरवत म्हणाला.

"भोपळ्यानं नाही. तू ऐकलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

"तुझ्या विश्वासाला कोण विचारतंय मर्दा." पण रागावून नाही म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर ती चौदा पोरं आहेत हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "तू सांगशील तसं. तू म्हणालास गप्प बस, तर जन्मभर गप्प बसतो."

"पोरांना मी फोन करतो. शिव्या घालतील, घालू देत. पण दस्तू, ते डोक्यातलं घुमणं मी भोगलंय. आपल्या यंत्रानं पलीकडच्या चौकीवरची पोरं अशीच उलट्या करत उतरतील आणि घरी जाऊन हूं ऐकत बसतील, माझ्या खोट्या कागदावर. ते नाही जमायचं." झारा बाजूला ठेवून त्यानं हात पुसले. "चल. त्या बाईंना फोन लाव. मी शेजारी उभा राहतो. तू एकटा बोलायला लागलास की जीभ वाकडी होते तुझी."

डॉक्टर कोठावळे दुसऱ्याच दिवशी आल्या. जैतूननं ती सळई जपून ठेवली होती. दुसऱ्या भोपळ्याचा तुकडा, लाख, सळई, सगळं त्यांच्यासमोर करून दाखवलं. यंत्रानं तंतोतंत तोच आकडा दिला. बाई खुर्चीत बसून राहिल्या. "मी ठिगळाचा विचारच केला नाही," म्हणाल्या. "कसा करणार? आमच्या गल्लीनं तो शब्दच बंद केलाय," मी म्हटलं. त्यांनी अहवाल मागे घेतला. त्यांनाही बोलणी खावी लागली. परिषदेत तंबोरी मांडली गेली नाही.

गल्लीत मी उंबऱ्यावर उभा राहून सांगितलं, की चिरका भोपळा मी वापरला. वर्षभर कुणी काम दिलं नाही. शाम्याच्या मागं हूं पुन्हा सुरू झालं, थोडं जास्तच. चौदापैकी चौघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. ज्याचा बाप बोलायला लागला होता तो मात्र दर दिवाळीला येत राहिला. सरकारी कागदावर 'कारण अनिश्चित' असं राहिलं ते आजतागायत. शेरा गेला नाही.

शाम्या रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायचा. तपासणीसाठी नेलेली तंबोरी परत आली तेव्हा म्हणाला, "पॉलिश काढ. चीर दिसू दे." मी काढलं. तो चिरेवरून बोट फिरवायचा, पण तारेला हात लावायचा नाही. अशी तीन वर्षं गेली. आम्ही माळ्याच्या, गिरणीच्या, अब्बांच्या गोष्टी काढायचो आणि जैतून म्हणायची, "तेच तेच काय बोलता हो दोघं?" तेच तेच बोलण्यात काय सुख होतं ते आता कळतंय.

एका दुपारी तो आपणहून म्हणाला, "लाव."

"काय?"

"तंबोरी लाव. बघू सोसतंय का."

मी तंबोरी मांडीवर घेतली. पंचम मिळवला, जोडीच्या तारा मिळवल्या, शेवटी खर्ज. सूत सरकवत सरकवत जवारी उघडली. शाम्यानं डोळे मिटून भोपळ्याला कान लावला, चिरेच्या बाजूनं. कपाळावर घाम आला त्याच्या. मी थांबायला लागलो, तर हातानं खूण केली, वाजव.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पण खर्ज चांगला लागला, की थोड्या वेळानं त्याच्या पोटातून गंधार आपोआप निघतो. कुणी वाजवत नाही, तरी ऐकू येतो. विज्ञानवाले म्हणतात, तारेच्या पाचव्या भागाचं ते कंपन. अब्बा म्हणायचे, भोपळा बोलायला लागला.

शाम्यानं एकदम डोळे उघडले.

"दस्तू, त्यात गंधार नव्हता."

"कशात?"

"चौकीवर. त्या घुमण्यात. नुसता कोरडा खर्ज होता रे, दहा मिनिटं. मी घाबरलो होतो म्हणून तेव्हा ध्यानात आलं नाही. पण आता आठवतंय, एकदम लख्ख. गंधार नव्हता." तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी. "ते डॉक्टर म्हणाले, घरची आठवण येऊन डोक्यात तंबोरी वाजली. माझ्या डोक्यात आपली तंबोरी वाजली असती, तर गंधारासकट वाजली असती की!"

मी डॉक्टर कोठावळेंना फोन केला. "काका, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" म्हणाल्या. तसा रकाना नव्हताच. हाही पुरावा नाही, मला कळतं. माणसाची आठवण आहे, ती फसवू शकते. पण त्या दिवसापासून शाम्या रोज तासभर तंबोरीला कान लावून बसायचा आणि गिरणीसमोरून सरळ चालत जायचा. मागून कुणी हूं केलं तर वळून म्हणायचा, "सूर खाली आहे, जरा चढव." अठ्ठेचाळीस साली तो गेला. जायच्या आदल्या दुपारीही वाजवून घेतली होती.

एवढं सांगून मी दिल्लीवाल्याकडे बघितलं. चहा तसाच राहिला होता त्याचा, वर साय धरलेली.

"मग काका, ते शस्त्र खरंच होतं की नव्हतं?"

"मला नाही माहीत. इकडे या." मी तंबोरी उतरवली, त्याचा हात धरून बोट चिरेवर ठेवलं आणि खर्ज छेडला. "कान लावा. घाई करू नका."

त्यानं कान लावला. मी छेडत राहिलो. पहिल्यांदा त्याला काही कळलं नाही, नुसता माझ्याकडे बघत होता. मग त्याच्या भुवया वर गेल्या.

"आला," म्हणाला हळूच.

"तोच. चौकीवरच्या त्या घुमण्यात तो नव्हता, असं शामगोंडा मगदूम सांगून गेलाय. तेवढं लिहा पाटीवर, जमलं तर."

त्यानं आणलेली पाटी पिशवीत घातली, पायरीवर बसून बूट चढवले आणि जाताना विचारलं, की उद्या पुन्हा ऐकायला येऊ का. म्हटलं, या. शाम्या यायचा त्या वेळेला या, दुपारी.